मोठा पडदा, मोजका पैसा

भारतात १९५९ साली दिल्लीत सुरू झालेले आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईत येऊन पोहोचलेले दूरचित्रवाणीचे प्रसारण ६२५ रेषांच्या प्रणालीवर आधारलेले होते, आणि १९८२ साली आशियाई क्रीडास्पर्धांच्या निमित्ताने चित्र रंगीत झाले तरी रेषांच्या या संख्येत फरक पडला नाही. त्यांपैकी प्रत्यक्ष चित्रासाठी ५७६ रेषाच वापरल्या जात. उरलेल्या रेषा चित्राचा मेळ राखण्यासारख्या तांत्रिक कामांत खर्ची पडत. चित्रात बारकावा किती असावा हा प्रश्न त्यामुळे ग्राहकापुढे कधी आलाच नाही. लाकडी शटरचा कृष्णधवल संच घेणारा आणि त्यानंतर कितीतरी वर्षांनी सपाट काचेचा रंगीत संच घेणारा, या दोघांच्याही घरी तेवढ्याच रेषा येत, आणि निवड करायची ती आकाराची, बनावटीची व दुरुस्त करणारा माणूस गावात आहे की नाही याची. आजच्या ग्राहकाची अडचण नेमकी याच्या उलट आहे. त्याच्यापुढे दुकानदार आणि जाहिरातदार इतके आकडे मांडतात की त्यांतल्या कोणत्या आकड्यासाठी पैसे मोजावेत आणि कोणता आकडा ऐकून सोडून द्यावा, हे ठरवणे हीच खरेदीतली मुख्य मेहनत होऊन बसते. हाती साधारण तीस ते पन्नास हजार रुपये असताना पन्नास ते पासष्ट इंचांच्या दरम्यानचा, उच्च रिझोल्यूशनचा संच कसा निवडावा, एवढ्याच प्रश्नापुरता प्रस्तुत पुस्तकाचा विषय मर्यादित आहे.

रिझोल्यूशन म्हणजे पडदा किती स्वतंत्र ठिपक्यांनी बनलेला आहे त्याचे माप. या ठिपक्याला पिक्सेल म्हणतात. बाजारात ज्याला 'फोर-के' म्हणतात त्या पडद्यावर आडवे ३८४० आणि उभे २१६०, म्हणजे एकूण ८२,९४,४०० पिक्सेल असतात, तर त्याच्या आधीच्या 'फुल एचडी' पडद्यावर १९२० गुणिले १०८० या हिशेबाने २०,७३,६०० पिक्सेल असतात. हा फरक बरोबर चौपट आहे. २०१२ साली सोनी कंपनीने ८४ इंची फोर-के संच अमेरिकेत आणला तेव्हा त्याची किंमत जवळपास २५,००० डॉलर होती आणि तो श्रीमंतांच्या दिवाणखान्यासाठीच असल्याचे कोणी लपवलेही नाही; पण पुढच्याच वर्षी सेकी नावाच्या फारशा परिचित नसलेल्या कंपनीने ५० इंची फोर-के संच १,४९९ डॉलरला विकायला काढला. भारतात फेब्रुवारी २०१८ मध्ये शाओमीने ५५ इंची फोर-के संच ३९,९९९ रुपयांना बाजारात आणला आणि त्यानंतर या आकारात फोर-के नसलेला संच शोधूनही सापडेनासा होत गेला. जो गुण सर्वात स्वस्त संचापासून सर्वात महाग संचापर्यंत सगळीकडे सारखाच असतो, तो निवडीच्या कामाचा राहत नाही, आणि तरीही खोक्यावर सर्वात मोठ्या अक्षरांत तोच छापलेला असतो. पिक्सेलची संख्या ही आज संचातली सर्वात स्वस्त वस्तू आहे, ही या पुस्तकातील विवेचनाची मुख्य भूमिका आहे.

सेकीच्या त्या संचाचा दाखला येथे थोडा विस्ताराने पाहण्यासारखा आहे, कारण स्वस्त संचांच्या बाबतीत पुढे जे वारंवार घडत आले त्याचा नमुना त्यात मिळतो. त्याच्या पडद्यावरचे पिक्सेल खरोखरच ८३ लाखांच्या घरातले होते, त्यात फसवणूक नव्हती. मात्र चित्र बाहेरून आत घेणारी एचडीएमआय ही जोडणी त्यात १.४ या आवृत्तीची होती, आणि त्या आवृत्तीतून पूर्ण फोर-के चित्र सेकंदाला जास्तीत जास्त ३० वेळाच जाऊ शकते. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींचा असल्याने त्याचे फारसे अडत नाही. परंतु खेळांचे प्रक्षेपण सेकंदाला ५० किंवा ६० चौकटींचे असते, आणि तेथे हा संच तोकडा पडे. गंमत अशी की त्याच कंपनीच्या ३९ इंची संचाला चाहते मिळाले ते दिवसभर स्थिर अक्षरांकडे पाहणाऱ्या संगणक प्रोग्रॅमरांमध्ये, कारण त्यांच्या कामात चित्र हलण्याचा प्रश्न फारसा येतच नव्हता. एका गरजेला अपुरा ठरलेला संच दुसऱ्या गरजेला स्वस्तात पुरेसा ठरला. किंमत खाली आणताना उत्पादक ज्याची जाहिरात होते ते कायम ठेवतो आणि ज्याची जाहिरात होत नाही तेथे काटछाट करतो. म्हणून स्वस्त संच पाहताना काय दिले आहे यापेक्षा काय काढून घेतले आहे हे शोधणे अधिक उपयोगाचे असते.

किंमत इतकी खाली कशी आली याचे उत्तर काचेच्या तावात आहे. पडदे एकेक करून बनत नाहीत. एका प्रचंड काचेवर अनेक पडदे एकदम घडवून ते कापले जातात. उद्योगात '८.५ वी पिढी' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारखान्यांतील काच साधारण २.२ मीटर रुंद आणि २.५ मीटर लांब असते आणि तीतून ५५ इंचांचे सहा पडदे फारसा तुकडा वाया न जाता निघतात. २०१७ च्या अखेरीस चीनमधील हफेई येथे बीओई कंपनीने '१०.५ व्या पिढी'चा कारखाना सुरू केला. त्यातील काच २.९४ मीटर बाय ३.३७ मीटरची असून तीतून ६५ इंचांचे आठ किंवा ७५ इंचांचे सहा पडदे निघतात. दोन लगतच्या आकारांतला किमतीचा फरक कधी हजारा-दोन हजारांचा तर कधी एकदम पंधरा हजारांचा का असतो, हे यावरून बरेचसे उलगडते, कारण काच ज्या मापाने नीट कापली जाते तो आकार क्षेत्रफळाच्या मानाने स्वस्त पडतो. याच काळात दक्षिण कोरियातील कंपन्या या धंद्यातून बाजूला होत गेल्या. सॅमसंगच्या पडदे बनवणाऱ्या कंपनीने २०२२ साली एलसीडीचे उत्पादन थांबवले आणि एलजीच्या तशाच कंपनीने आपला ग्वांगझू येथील कारखाना टीसीएलच्या गटाला विकला. परिणामी वेगवेगळ्या नावांच्या संचांत एकाच कारखान्यातला पडदा असणे, किंवा एकाच मॉडेलच्या दोन संचांत दोन निरनिराळ्या कारखान्यांतले पडदे असणे, या दोन्ही गोष्टी सर्रास घडतात. नावाला किंमत नाही असे यावरून ठरत नाही. ती किंमत पडद्यापेक्षा चित्रावर प्रक्रिया करणारी यंत्रणा, जुळणीतली काळजी आणि विक्रीनंतरची सेवा यांची असते, एवढेच ठरते.

सरकारी धोरणाचा भाग येथे थोडक्यात सांगता येतो. जुलै २०२० मध्ये तयार रंगीत संचांच्या आयातीवर परवान्याचे बंधन आल्यापासून जुळणीचे काम अधिकाधिक प्रमाणात देशात होऊ लागले, पडदा मात्र बाहेरूनच येत राहिला. वस्तू व सेवा कराच्या बाबतीत ३२ इंचांपर्यंतच्या संचांना १८ टक्के आणि त्याहून मोठ्यांना २८ टक्के असा भेद २२ सप्टेंबर २०२५ पर्यंत होता. त्या तारखेपासून सर्वच आकारांना १८ टक्के दर लागू झाला. मूळ किंमत ३०,००० रुपये धरली तर करासह ३८,४०० रुपयांना पडणारा संच ३५,४०० रुपयांना पडू लागला, आणि मोठ्या पडद्याकडे झुकणाऱ्या ग्राहकाला तेवढी मोकळीक मिळाली.

आकार किती मोठा घ्यावा याचे उत्तर खिशाआधी खोली देते. निरोगी डोळ्याची सूक्ष्म भेद ओळखण्याची क्षमता साधारणपणे अंशाचा साठावा भाग, म्हणजे भारतीय ज्योतिषगणितातली एक कला, इतकी धरली जाते. दोन ठिपके डोळ्याशी याहून लहान कोन करू लागले की ते वेगळे दिसत नाहीत. संचाचे इंच हे कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे असतात, रुंदीचे नव्हेत. ५५ इंची पडद्याची रुंदी सुमारे १२२ सेंटिमीटर, म्हणजे चार फूट भरते. या पडद्यावर फोर-केचा एक पिक्सेल ०.३२ मिलिमीटरचा आणि फुल एचडीचा ०.६३ मिलिमीटरचा होतो. वरच्या हिशेबाने पहिला साडेतीन फुटांच्या पुढे आणि दुसरा सात फुटांच्या पुढे डोळ्याला सुटा दिसणे थांबते. याचा सरळ अर्थ असा की ५५ इंची पडद्यापासून आठ फुटांवर बसणाऱ्याला फोर-केचा जास्तीचा बारकावा जवळजवळ दिसतच नाही, आणि ६५ इंची पडद्यापुढे हीच सीमा साडेआठ फुटांवर जाते. हे गणित कोरडे आहे आणि डोळा काही गणिताने बांधलेला नाही, तीक्ष्ण नजरेच्या माणसाला थोडे अधिक दिसते; तरी बारकावा हवा असेल तर जवळ बसावे लागते किंवा पडदा मोठा घ्यावा लागतो, या निष्कर्षात त्याने फरक पडत नाही.

पडद्याने नजरेचा किती भाग व्यापावा यासाठी चित्रपट-दूरचित्रवाणीच्या अभियंत्यांत सुमारे ३० अंशांचे माप रूढ आहे. त्यानुसार ४३ इंची पडद्यापासून सहा फुटांच्या किंचित आत, ५५ इंची पडद्यापासून साडेसात फूट आणि ६५ इंची पडद्यापासून नऊ फुटांच्या थोडे आत बसणे योग्य ठरते. मुंबईतल्या बी.डी.डी. चाळींतील खोल्या १६० चौरस फुटांच्या होत्या, आणि झोपणे, स्वयंपाक, अभ्यास सारे त्यातच होत असल्याने भिंत आणि पलंग यांमधले अंतर बेताचेच असे. पुनर्विकासात तेथल्या रहिवाशांना ५०० चौरस फुटांची घरे मिळू लागली आहेत, आणि त्यातल्या हॉलमध्ये ५५ इंची संच अवास्तव ठरत नाही. 'एवढ्याशा खोलीत एवढा मोठा कशाला' हा घरातल्या वडीलधाऱ्यांचा आक्षेप जुन्या पिक्चर ट्यूबच्या काळात रास्त होता, कारण तेव्हा जवळून रेषा दिसत. फोर-के पडद्याबाबत तो लागू पडत नाही, उलट लहान खोली हीच त्याची योग्य जागा आहे. एक अडचण मात्र खरी आहे. शोकेसच्या माथ्यावर, छताजवळ लावलेला मोठा पडदा मानेला त्रास देतो. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांच्या पातळीजवळ हवा, आणि तो तसा बसवायला भिंत मोकळी आहे का हे मोजून मगच दुकानात जावे.

पडद्यावर दिसणार काय, हा प्रश्न खरेदीच्या वेळी क्वचितच विचारला जातो. केबलवरच्या किंवा डीडी फ्री डिशवरच्या साध्या, म्हणजे एचडी नसलेल्या वाहिनीचे चित्र जास्तीत जास्त ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेलचे असते. फोर-के पडद्यावरच्या पिक्सेलांची संख्या याच्या नेमकी वीसपट आहे. याचा अर्थ अशी वाहिनी पाहताना पडद्यावरच्या दर वीस पिक्सेलांतला एकच बाहेरून आलेला असतो आणि उरलेले एकोणीस संचातला प्रोसेसर शेजारच्या पिक्सेलांवरून अंदाजाने भरतो. या क्रियेला अपस्केलिंग म्हणतात, आणि स्वस्त संचात पडद्याइतकीच काटकसर या प्रोसेसरमध्ये केलेली असल्याने जुन्या ३२ इंची संचावर बरे दिसणारे बातम्यांचे चित्र नव्या ५५ इंची संचावर विसविशीत, कडांना मुंग्या आल्यासारखे दिसते आणि घरात नाराजी पसरते. दोष संचाचा नसतो, निदान सगळा नसतो. चित्र मोठे झाले तसे त्यातले वैगुण्यही मोठे झालेले असते. एचडी वाहिन्यांचे चित्र १०८० रेषांचे असले तरी त्या रेषा एकाआड एक अशा दोन खेपांत पाठवल्या जातात, त्यामुळे त्या जोडून अखंड चौकट तयार करण्याचे कामही संचालाच करावे लागते, आणि चेंडू सीमारेषेकडे धावत असताना त्याची कसोटी लागते. ज्या घरात दिवसातले बहुतेक तास अशाच वाहिन्या चालू असतात, तेथे दुकानातल्या डेमोऐवजी त्याच वाहिन्या लावून दाखवायला सांगणे हा विक्रेत्याला नकोसा वाटणारा पण अत्यंत योग्य आग्रह होय.

खरे फोर-के चित्र आज बहुतांशी इंटरनेटवरून येते. २०२३ साली आयपीएलचे सामने जिओसिनेमावर फोर-केमध्ये विनामूल्य दिसले, तेव्हा अनेक घरांना आपल्या पडद्याची खरी ताकद प्रथमच कळली असावी. नेटफ्लिक्ससारखी सेवा फोर-के चित्र फक्त आपल्या सर्वात महाग योजनेत देते, त्यासाठी सेकंदाला १५ मेगाबिटचा वेग सुचवते आणि तासाला सुमारे ७ जीबी डेटा लागतो असे सांगते. म्हणजे मोबाइलच्या 'दिवसाला दोन जीबी' योजनेवर हे चित्र सतरा मिनिटे चालेल. संचाच्या किमतीत ब्रॉडबँडचा आणि वर्गणीचा वर्षभराचा खर्च मिळवल्याशिवाय अंदाजपत्रक पुरे होत नाही. जुन्या मराठी चित्रपटांच्या चाहत्यांनाही उच्च रिझोल्यूशनचा लाभ होऊ शकतो, कारण ३५ मिलिमीटरच्या फिल्मवर बारकावा भरपूर असतो आणि १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी निगडित वारसा प्रकल्पात जुने चित्रपट फोर-केमध्ये पुन्हा उतरवले जात आहेत. मात्र झिजलेल्या प्रतीवरून व्हिडिओ कॅसेटवर आणि तेथून यूट्यूबवर आलेला चित्रपट कोणत्याही पडद्यावर सुधारत नाही. असे चित्रपट रुंद पडदा भरण्यासाठी ताणून पाहण्याची खोड तर नटनट्यांना उगाच स्थूल करते.

पिक्सेल आणि आकार ठरल्यावर जो प्रश्न उरतो तो प्रकाशाचा, आणि स्वस्त व महाग संचांतला खरा भेद येथेच आहे. 'एलईडी टीव्ही' म्हणून विकल्या जाणाऱ्या बहुतेक संचांचा पडदा एलसीडीचा, म्हणजे द्रवस्फटिकांचा असतो. हे स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागच्या एलईडी दिव्यांचा प्रकाश कमीअधिक अडवणे एवढेच त्यांचे काम असते. अडवणे कधीच पूर्ण होत नाही, थोडा प्रकाश पाझरतोच, आणि म्हणून रात्रीच्या दृश्यातला काळोख काळा न दिसता राखाडी दिसतो. पांढऱ्या आणि काळ्या भागांच्या तेजस्वितेचे गुणोत्तर म्हणजे कॉन्ट्रास्ट. पडद्याच्या दोन मुख्य जातींपैकी आयपीएस जातीत ते साधारण १००० ला १ इतके, तर व्हीए जातीत ३००० ला १ किंवा त्याहून बरेच अधिक असते. मग सर्वांनी व्हीएच घ्यावा असे वाटेल. पण व्हीए पडदा बाजूने पाहिला की रंग फिके पडतात, आणि आयपीएस पडद्यात हा दोष कमी असतो. दोघेजण समोरच्या सोफ्यावर बसून पाहतात अशा घराला व्हीए चांगला. सामन्याच्या दिवशी सतरंजीवर, दाराच्या उंबऱ्यावर, स्वयंपाकघराच्या चौकटीत उभे राहून सारे कुटुंब आणि शेजारी पाहतात अशा घराला आयपीएसचा राखाडी काळोख परवडतो, पण बाजूचे फिके रंग परवडत नाहीत. खोक्यावर ही जात बहुधा लिहिलेली नसते. दुकानात संचासमोरून बाजूला सरकत गेल्यास ती बऱ्याचदा कळते, आणि याला पैसे लागत नाहीत.

मागचे दिवे कसे मांडले आहेत यावरही बरेच अवलंबून असते. ते फक्त कडेला असतील तर संच सडपातळ होतो, पण प्रकाश सर्वत्र सारखा पसरत नाही आणि कोपऱ्यांत धुरकट डाग दिसतात. ते पडद्यामागे सर्वत्र पसरलेले असतील तर प्रकाश अधिक एकसारखा मिळतो. आणि ते गटागटांत विभागून प्रत्येक गट स्वतंत्रपणे मंद-प्रखर करता येत असेल तर काळोख्या भागामागचे दिवे मंद करून काळा रंग खरोखर काळ्याच्या जवळ नेता येतो. या शेवटच्या सोयीला लोकल डिमिंग म्हणतात. २०१९ साली टीसीएलने अतिलहान दिव्यांचा, म्हणजे मिनी-एलईडीचा संच बाजारात आणल्यापासून गटांची संख्या शेकड्यांवर गेली, आणि ही सोय हळूहळू मधल्या किमतींपर्यंत उतरत आली आहे. गट मोजकेच असले तर काळ्या आकाशातल्या चंद्राभोवती उजेडाचे वलय दिसते, म्हणून 'लोकल डिमिंग आहे' एवढे ऐकून थांबू नये, गट किती हे विचारावे.

एचडीआर या अक्षरांबद्दल सर्वाधिक गैरसमज आहे. तेजस्विता निट या एककात, म्हणजे दर चौरस मीटरमागे एक कँडेला या मापाने मोजतात. साधे चित्र सुमारे १०० निट डोळ्यांपुढे ठेवून तयार केलेले असते, तर एचडीआर, म्हणजे अधिक विस्तृत प्रकाशपल्ल्याचे चित्र बहुधा १००० निट किंवा त्याहून प्रखर पडद्यावर पाहून तयार करतात. स्वस्त संच साधारण अडीचशे ते साडेतीनशे निटपर्यंत पोहोचतो. एचडीआर१०, एचडीआर१०+, एचएलजी, डॉल्बी व्हिजन अशा सगळ्या प्रकारांची चिन्हे त्याच्या खोक्यावर असू शकतात आणि ती खोटीही नसतात, कारण असे चित्र स्वीकारणे त्याला जमते. ते त्याच्या खऱ्या तेजाने दाखवणे जमत नाही, इतकेच. हजार निटांचा उजेड तीनशेत बसवताना सगळेच चित्र दबते, आणि मग 'एचडीआर लावले की अंधारून येते' अशी तक्रार होते. रंगांच्या बाबतीत क्वांटम डॉट, म्हणजे आकारानुसार ठरावीक रंगाचा प्रकाश देणारे अतिसूक्ष्म स्फटिक वापरलेल्या संचांना 'क्यूएलईडी' म्हणतात. या स्फटिकांच्या शोधासाठी २०२३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक दिले गेले. त्यांनी रंग खुलतात हे खरे, पण मागचा प्रकाश दुबळा असेल तर खुललेले रंगही मंदच दिसतात.

यावरून एक स्पष्ट मत मांडता येते, आणि ते दुकानातल्या सल्ल्याच्या विरुद्ध आहे. दिवे मालवून रात्री चित्रपट आणि मालिका पाहणाऱ्या घराने त्याच रकमेत ६५ इंची साधा संच घेण्यापेक्षा ५५ इंची, गटवार मंद होणाऱ्या दिव्यांचा संच घ्यावा. मोठ्या स्लायडिंग खिडक्यांतून दिवसभर उजेड येणाऱ्या आणि दुपारीच टीव्ही पाहिला जाणाऱ्या हॉलमध्ये मात्र काळ्या रंगाची खोली काचेवरच्या प्रतिबिंबात बुडून जाते. तेथे एकूण प्रखरता आणि आकार यांवर खर्च करणे शहाणपणाचे.

हलत्या चित्राबाबत फार लिहिण्याची गरज नाही. या किमतीतला पडदा सेकंदाला ६० वेळा ताजा होतो आणि बहुतेक घरांना तेवढे पुरते. १२० ची गरज व्हिडिओ गेम खेळणाऱ्यांना असते, आणि त्यांनी एचडीएमआय २.१ जोडणी आहे ना हे पाहावे. कंपन्या स्वतःच्या नावाने जे दोनशे-चारशेचे आकडे देतात ते पडद्याच्या वेगाचे नसतात. मधल्या कृत्रिम चौकटी भरून चित्र गुळगुळीत करणारी सोय मात्र घरी येताच बंद करावी, कारण तिच्यामुळे चित्रपट मालिकेसारखा दिसू लागतो. २०१८ साली अभिनेता टॉम क्रूझ याने ती बंद करण्याचे जाहीर आवाहन केले होते.

संचातल्या वस्तूंची एक विभागणी सबंध पुस्तकभर वापरलेली आहे. पडदा, त्यामागचे दिवे आणि जोडण्यांची आवृत्ती या गोष्टी खरेदीच्या दिवशी मिळतात तशाच शेवटपर्यंत राहतात, तर आवाज आणि 'स्मार्ट'पणा या गोष्टी नंतर, पैसे जमतील तशा, बाहेरून जोडता येतात. सडपातळ संचात स्पीकरला जागाच नसल्याने आवाज पोकळ येतो, पण दोन वर्षांनी एआरसी जोडणीवर साउंडबार लावता येतो. संचातली प्रणाली दीड-दोन जीबी मेमरीवर रडतखडत चालू लागली की काही हजारांची स्टिक एचडीएमआयमध्ये खोचून काम भागते. म्हणून अधिक अॅप, आवाजी रिमोट किंवा मोठा स्टोरेज यांसाठी जास्त पैसे देणे मर्यादित रकमेत बसत नाही. स्मार्टपणाची दुसरी बाजूही आहे. काही संच पडद्यावर काय चालले आहे हे ओळखून ती माहिती जाहिरातदारांसाठी गोळा करतात. अमेरिकेत व्हिझिओ कंपनीला या कारणावरून २०१७ साली २२ लाख डॉलर देऊन तडजोड करावी लागली. संच स्वस्त मिळतो त्यात या उत्पन्नाचाही वाटा असतो, आणि पहिल्यांदा सेटिंग करताना मागितलेल्या सगळ्या परवानग्या द्यायलाच हव्यात असे नाही.

दुकानात संच पाहणे हे साडीचा रंग दुकानातल्या दिव्यांखाली पाहण्यासारखे आहे, फरक एवढाच की संच दारात नेऊन उन्हात पाहता येत नाही. तेथे तो सर्वात भडक सेटिंगवर, मुद्दाम तयार केलेल्या फिल्मा दाखवत असतो. चित्राचा प्रकार 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' करायला लावल्याशिवाय तुलना करू नये. दसरा-दिवाळीच्या आसपास ऑनलाइन आणि दुकानी दोन्ही सवलती खऱ्याच वाढतात, पण 'बिनव्याजी हप्ता' जपून वाचावा. रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांना हरकत घेतली होती, आणि आज त्या नावाने जे मिळते त्यात व्याज हे बहुधा नाकारलेल्या रोख सवलतीत किंवा प्रक्रिया शुल्कात दडलेले असते. वीजखर्चाचा बाऊ करण्याचे कारण नाही. १२० वॉटचा संच रोज पाच तास चालला तर वर्षाला सुमारे २२० युनिट होतात. ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने जानेवारी २०२१ पासून अतिउच्च रिझोल्यूशनच्या संचांसाठीही तारांकन सुरू केले आहे, ते पाहावे. वॉरंटीचा कागद मात्र अक्षर न् अक्षर वाचावा. फुटलेला किंवा बिघडलेला पडदा बदलण्याचा खर्च अनेकदा नव्या संचाच्या किमतीला जाऊन भिडतो, त्यामुळे पडद्यावर दोन किंवा तीन वर्षांची हमी देणारा संच थोडा महाग असूनही स्वस्त ठरू शकतो. मात्र तालुक्याच्या गावी सेवा केंद्राचा माणूस येतो की संच जिल्ह्याच्या ठिकाणी न्यावा लागतो, हे खरेदीआधी विचारलेले बरे.

ओएलईडी, म्हणजे ज्याचा प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो तो पडदा, काळ्या रंगात अजोड असूनही या पुस्तकात जवळजवळ नाही, कारण तो येथे गृहीत धरलेल्या रकमेबाहेर आहे; शिवाय ज्या घरात दिवसभर बातम्यांची एकच वाहिनी चालू असते तेथे तिचे बोधचिन्ह आणि खालची लाल पट्टी अशा पडद्यावर कायमची उमटण्याचा धोका असतो. ८-के पडदा वगळण्याचे कारण वर दिलेल्या डोळ्याच्या हिशेबात आले आहे. मॉडेलांची नावे आणि किमतींचे तक्तेही मुद्दामच दिलेले नाहीत, कारण मॉडेले दरवर्षी बदलतात आणि एकाच मॉडेलमधला पडदाही बदलू शकतो. त्याऐवजी शेवटच्या प्रकरणात संच घरी आल्यावर, परत करण्याची मुदत संपण्याआधी, घ्यायच्या चाचण्या दिलेल्या आहेत: एकसारखा राखाडी रंग लावून डाग आणि पट्टे पाहणे, पांढरा आणि काळा पडदा लावून मृत पिक्सेल शोधणे, प्रत्येक एचडीएमआय जोडणी एकेकदा वापरून पाहणे, आणि सेट-टॉप बॉक्स, केबल, फोन अशा घरात आधीपासून असलेल्या सर्व साधनांशी संचाचे जमते का हे तपासणे. या चाचण्यांना एखादा तास लागतो, आणि त्या होईपर्यंत खोके व थर्माकोल फेकू नये, कारण मूळ वेष्टनाशिवाय संच परत घेण्यास अनेक विक्रेते नकार देतात.